फोर बाय फोर भरताना: आधी काटा, मग पॅकिंग

सोलापुरात आता फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाते अशा, गाड्या बऱ्याच झाल्यात. सात रस्त्याच्या सिग्नलला दोन मिनिटं थांबलं तरी एखादी थार नाहीतर जिम्नी शेजारी येऊन उभी राहते, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर पेटी, मागच्या दाराला डिझेलचा कॅन, आणि गाडी मागून चांगली दोन बोटं बसलेली. बघायला छान दिसतं. पण ती दोन बोटं बघितली की मला माझी पहिली मोठी ट्रिप आठवते, आणि ज्यांनी नुकतीच गाडी घेतलीय त्यांना हे कुणीतरी आधीच सांगायला पाहिजे असं वाटतं, म्हणून लिहितोय.

माझं असं झालं, गाडी घेतल्यावर पहिल्या सहा महिन्यांत एकेक करत सगळं जोडलं, लोखंडी कॅरिअर, फ्रिज, दुसरी बॅटरी, तंबू, आणि एक दिवस पहाटे चारला पाच जण हंपीला निघालो. विजयपूर रोडला लागलो, गाडी ८० च्या वर गेली की स्टिअरिंग एकदम हलकं लागायचं, वळवलं तरी गाडी जरा उशिरा ऐकतेय असं, आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारत होता, मी तर लो बीमवरच होतो. मला वाटलं अलाइनमेंट गेली. टाकळीला भीमेच्या पुलाअलीकडं चहाला थांबलो तर तिथं बाकड्यावर एक म्हातारे शेतकरी बसले होते, त्यांनी गाडीकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, गाडी उलाळ झालीया की तुमची."

ज्यांनी बैलगाडी भरलीय त्यांना हा शब्द सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, बैलगाडीत आखाच्या मागे जास्त माल पडला की गाडी मागे कलते, पुढचं जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं आणि गळ्याखालचा पट्टा आवळतो. बैलाला ओढता येत नाही, वळता येत नाही. त्याला गाडी उलाळ होणं म्हणतात. ऊसाच्या सीझनला ट्रॅक्टरची पुढची चाकं रस्त्यावरून उचलताना आपल्याकडं सगळ्यांनी बघितलीत, तोच प्रकार. माझ्या गाडीत बैलांच्या जागी पुढची चाकं होती, आणि तीच स्टिअरिंग करतात, ब्रेकचं बरंचसं कामही तीच करतात. मागून गाडी बसली म्हणून हेडलाइटचं तोंड वर झालं होतं, ट्रकवाले त्यासाठी डिपर मारत होते. त्या म्हाताऱ्या बाबांना मी म्हटलं, "मग काय करू?" तर म्हणाले, "काय करतो, माल म्होरं घे की." अर्धा तास लावून आम्ही तिथंच सामान उतरवलं आणि पुन्हा भरलं, पाण्याचे कॅन मागच्या दारातून काढून मधल्या सीटच्या पायाशी घेतले, फ्रिज सीटच्या पाठीला टेकवला. एक किलो कमी केला नव्हता, तरी गाडी वेगळीच चालायला लागली.

घरी आल्यावर मग मी नीट शिकायला घेतलं. खाली लिहिलंय ते त्याच क्रमानं करा.

पहिलं काम, गाडीचं पासिंग किती ते शोधा

मालट्रकवाल्याला विचारलं तर तो झोपेतसुद्धा पासिंग, म्हणजे गाडीला किती वजनाची परवानगी आहे ते, सांगतो. आपण लाखो रुपयांची गाडी घेतो आणि आपल्याला माहीतच नसतं. दोन आकडे लागतात. एक कर्ब वेट, म्हणजे माणसं आणि सामान सोडून चालायला तयार गाडीचं वजन. दुसरं ग्रॉस वेट, म्हणजे माणसं, सामान, डिझेल, कॅरिअर, गणपतीची मूर्ती, सगळं धरून गाडीनं जास्तीत जास्त किती व्हायचं. दोन्ही ओनर्स मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात मिळतात. त्याच तक्त्यात पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची, म्हणजे आखाची, वेगवेगळी मर्यादा दिली असेल तर ती पण लिहून घ्या, ती जास्त महत्त्वाची आहे, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो. नवीन लोकांचं नेमकं हेच होतं.

ग्रॉसमधून कर्ब वजा केलं की उरतं ते पेलोड. हा आकडा बघून बरेच जण गप्प होतात. पाच दरवाजांची जिम्नी घ्या, कर्ब साधारण १२०० किलो, ग्रॉस १५४५. उरले ३४५. सत्तर किलोची चार माणसं बसली की २८० गेले. राहिले ६५ किलो, आणि त्यात चौघांच्या बॅगा, पाणी, जेवण, तंबू, टपावरचं कॅरिअर हे सगळं बसवायचंय. गाडी लहान आहे म्हणून हे होतं असं समजू नका, मोठ्या गाडीतही होतं, मोठ्या गाडीत फक्त आपण सामानच जास्त भरतो.

दुसरं काम, काट्यावर जा

पुस्तकातला आकडा तुमच्या गाडीचा नसतो. तुम्ही लोखंडी बंपर लावलाय, टायर मोठे केलेत, ड्रॉवर बसवलेत, ते कंपनीला माहीत नाही. म्हणून वजनकाटा. सोलापुरात काट्याला तोटा नाही, हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या बाजूला, एमआयडीसीत, आणि प्रत्येक साखर कारखान्याच्या आसपास एखादा खासगी काटा असतोच. फक्त वेळ बघून जा. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक जोरात असते तेव्हा यार्डाकडं सकाळी फिरकू नका, आणि गळीत हंगामात कारखान्याजवळच्या काट्यावर ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जा, काट्यावरच्या माणसाला नीट सांगा की "भाऊ, तीन-चार वेळा वजन करायचंय, पुढचं वेगळं मागचं वेगळं", आधी तो जरा विचित्र बघेल पण एकदा समजलं की तेच लोक हौसेनं मदत करतात असा माझा अनुभव आहे.

दोन फेऱ्या मारा. पहिल्या फेरीला टाकी फुल करून, गाडी रिकामी, तुम्ही पण खाली उतरून. दुसऱ्या फेरीला ट्रिपला निघणार तसं सगळं सामान भरून, माणसं आत बसवून. आणि प्रत्येक फेरीला तीन वजनं घ्यायची, पूर्ण गाडी काट्यावर, मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर जमिनीवर, मग फक्त मागची चाकं काट्यावर. एक लक्षात ठेवा, पुढची-मागची वेगळी घेताना काटा आणि बाहेरची जमीन एका पातळीत पाहिजे, चढ असेल तर आकडा चुकतो. गाडी न्यूट्रलला टाका, ब्रेकवरचा पाय हळू सोडा, मग आकडा स्थिर होऊ द्या. पुढचं आणि मागचं मिळून बेरीज एकूण वजनाच्या जवळपास आली पाहिजे, १०-२० किलोचा फरक चालेल, कारण हे काटे ट्रकसाठी असतात. चिठ्ठ्या जपून ठेवा. मी फोटो काढून ठेवतो आणि चिठ्ठी गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात.

आता घरी येऊन एक टेप घ्या, साधा शिंप्याचा चालतो. सपाट जागेवर गाडी रिकामी उभी करून चारही चाकांना, चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत माप घ्या आणि लिहून ठेवा. सामान भरल्यावर पुन्हा घ्या. मागे ३-४ सेंटिमीटर बसली आणि पुढं पण थोडी बसली तर ठीक. मागे बसली आणि पुढं उचलली, म्हणजे पुढचं माप वाढलं, तर गाडी उलाळ आहे, सरळ सामान हलवा. डावं-उजवं कळायला तर हाच सगळ्यात सोपा मार्ग. प्रत्येक वेळी काट्यावर जाणं होत नाही, टेप मात्र दर ट्रिपला लावता येतो.

यादी करा, आणि प्रत्येक वस्तूचं वजन लिहा

बाथरूममधला वजनकाटा घ्या, आधी स्वतः उभे राहा, मग वस्तू हातात घेऊन उभे राहा, वजाबाकी करा. कंटाळवाणं काम आहे पण एका रविवारी संध्याकाळी होऊन जातं, आणि यादी पुढची कित्येक वर्षं कामाला येते.

समजा गाडीचं ग्रॉस २६०० आणि रिकाम्या गाडीचं काट्यावरचं वजन २०००. पेलोड ६००. सत्तर किलोची पाच माणसं ३५०, वेल्डिंगवाल्याकडून बनवलेलं लोखंडी कॅरिअर ४०. राहिले २१०. आता सामान. चाळीस लिटर पाणी कॅनसकट ४३. वीस लिटर डिझेल, डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून १७, अधिक लोखंडी कॅन ४, झाले २१. फ्रिज भरून ३०. दुसरी लेड ॲसिड बॅटरी २७. हत्यारं १५. गाडी ओढायचा पट्टा, शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी), चाकाखाली घालायच्या पाट्या मिळून १५. हवेचा कॉम्प्रेसर ५. तंबू १२. छोटा गॅस सिलेंडर आणि शेगडी १३. भांडी १५. शिधा २०. पाच बॅगा प्रत्येकी १०, म्हणजे ५०. खुर्च्या-टेबल १५. बेरीज २८१. म्हणजे ७१ किलो जास्त, आणि ह्यात एकही वस्तू चैनीची वाटत नाही, प्रत्येक वस्तू लागतेच असं वाटतं.

मग कापायचं कुठं. माझं मत सांगतो. सोलापूरहून गोवा, हंपी, कोकण, कुठंही जा, जास्तीचं डिझेल घेऊच नका, पंप पावलोपावली आहेत. तो कॅन मनाली-लेहसाठी ठेवा, तिकडं टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे अशी प्रसिद्ध पाटी आहे, तिथं कॅनला अर्थ आहे. पाणी चाळीस ऐवजी वीस, वाटेत भरत जा. लेड ॲसिडऐवजी लिथियम बॅटरी घेतली तर निम्म्याहून जास्त वजन उतरतं, पैसे जास्त जातात ते खरं. बॅगा सात किलोच्या. शिध्याचं तर आपल्याकडं उत्तर पिढ्यान् पिढ्या तयार आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. वजन नाही, फ्रिज लागत नाही, गॅस लागत नाही, आठवडाभर खराब होत नाही. भाकरी फक्त सगळ्यात वर ठेवा, खाली गेली की चुरा. माझा फ्रिज आता चार दिवसांच्या आतल्या ट्रिपला घरीच असतो.

आता मुख्य, कुठं ठेवायचं

इथं जरा थांबून वाचा, कारण सगळा फरक इथं पडतो.

गाडी म्हणजे दोन टेकूंवर ठेवलेली फळी समजा, टेकू म्हणजे पुढचा आख आणि मागचा आख. दोन टेकूंच्या मध्ये वजन ठेवलं तर ते दोघांत वाटलं जातं. मागच्या टेकूच्याही मागे ठेवलं तर फळी सी-सॉसारखी पुढून उचलते. किती ते काढता येतं, शाळेतलं गणित आहे. दोन आखांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २७५० मिलिमीटर धरा. साठ किलोचं सामान मागच्या आखापासून १.१ मीटर मागे, म्हणजे मागच्या दाराला लटकवलं. ६० गुणिले १.१ भागिले २.७५, आले २४. म्हणजे पुढच्या चाकांवरचं २४ किलो कमी झालं आणि मागच्या चाकांवर ६० नाही, ८४ किलो वाढलं. तेच साठ किलो मधल्या सीटच्या पायाशी, मागच्या आखाच्या ८० सेंटिमीटर पुढं ठेवा. पुढच्या चाकांवर साडेसतरा किलो वाढतं, मागे साडेबेचाळीस. सामान तेच, गाडी तीच, फक्त दोन मीटर पुढं सरकवलं आणि मागचा ॲक्सल ४० किलोनं मोकळा झाला. व्हीलबेस जितका लहान तितका हा परिणाम जास्त, तीन दरवाजांच्या थारचा २४५० आहे, तिथं दाराला लटकवलेली प्रत्येक वस्तू अजून महाग पडते.

म्हणून माझा क्रम असा. सगळ्यात आधी जड वस्तू, पाणी, बॅटरी, हत्यारांची पेटी, भरलेला फ्रिज, ह्या मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटवून, थेट फ्लोअरवर. चारच माणसं असतील तर मधल्या सीटचा एक भाग पाडून पाण्याचे कॅन तिथं खाली आडवे. त्यावर मधल्या वजनाचं, भांडी, शिधा, शेगडी. दाराच्या दिशेला आणि वर सगळं हलकं, झोपायच्या पिशव्या, कपडे, तंबू. भरून झाल्यावर मागचं दार उघडल्यावर पहिल्यांदा कापडच दिसलं पाहिजे, लोखंड दिसलं तर उलटं भरलंय.

ह्याला एकच अपवाद, गाडी ओढायचा पट्टा, शॅकल आणि जॅक हे हाताला लगेच लागले पाहिजेत, चिखलात रुतल्यावर सगळं सामान उतरवून पट्टा काढायची वेळ येऊ नये. मी ते दाराजवळ एका बाजूच्या खणात ठेवतो, दहा-पंधरा किलोनं बिघडत नाही.

डावं-उजवं पण बघा. ड्रायव्हर उजवीकडं बसतो, तुम्ही एकटे किंवा तिघं जात असाल तर जड वस्तू डावीकडं. फ्रिज एका बाजूला असेल तर पाणी दुसऱ्या. आणि पाणी एका मोठ्या टाकीत अर्धं भरून नेण्यापेक्षा पाच-दहा लिटरच्या काठोकाठ भरलेल्या कॅनमध्ये न्या, अर्धी टाकी वळणावर डुचमळते आणि ते डुचमळणं गाडीला जाणवतं. भरलेले कॅन एकेक करून संपवायचे, संपेल तसं उरलेलं पुढं सरकवायचं.

पुढं जास्त वजनाचं पण तितकंच वाईट. लोखंडी बंपर आणि त्यावर विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढायचं मशीन, लावली की नाकावर ५०-६० किलो सहज चढतात, पुढचे शॉकअप लवकर जातात. आणि नुसत्या लोखंडी गार्डबद्दल सांगायचं तर २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना क्रॅशगार्ड, बुलबारवर कारवाई करायला सांगितलंय, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही ते अडथळा होतात. लावू नका.

टपावर काय

टपावर शक्यतो काहीच नाही. हे माझं ठाम मत आहे.

टपाची मर्यादा मॅन्युअलमध्ये वेगळी दिलेली असते, बऱ्याच गाड्यांना ती ५० ते १०० किलोच्या मध्ये असते, लहान गाड्यांना त्याहून कमी, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजन धरायचं असतं. चाळीस किलोचं लोखंडी कॅरिअर लावलं की मर्यादा जवळपास तिथंच संपली. टपावरचा तंबू पन्नास-साठ किलोचा असतो. लोक म्हणतात रात्री तंबूत दोन माणसं झोपतात तेव्हा काही होत नाही, मग चालताना काय होणार. उभ्या गाडीचं आणि चालत्या गाडीचं गणित वेगळं आहे, उभी असताना वजन सरळ खाली येतं, चालताना खड्ड्यात आपटतं, वळणावर बाजूला ओढतं, ब्रेकला पुढं ढकलतं.

आणि वारा. मोहोळ ते टेंभुर्णी हायवे आठवा, दोन्ही बाजूला मोकळं माळरान, आडवा वारा सुटला की रिकामी गाडी पण हलते, त्यात शेजारून कंटेनर गेला की टपावर पेटी असलेली गाडी एक झोका घेते. मायलेज पडतं ते वेगळंच. फोर बाय फोर गाड्या आधीच उंच, त्यांचा तोल वर गेला की घाटाच्या वळणावर किंवा एका बाजूला कललेल्या रस्त्यावर पलटी व्हायची भीती वाढते. ठेवायचंच असेल तर हलकं आणि मोठं, गाद्या, रिकाम्या खुर्च्या, तेही पुढच्या-मागच्या आखाच्या मधोमध. पाणी, डिझेल, स्टेपनी टपावर कधीच नाही.

बांधणं

साधं गणित सांगतो. ताशी ५० ला गाडी कशाला तरी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतली प्रत्येक वस्तू स्वतःच्या वजनाच्या साधारण २० पट जोरानं पुढं जाते. वीस लिटरचा पाण्याचा कॅन तेव्हा ४०० किलोच्या जोरानं मधल्या सीटवरच्या पोराच्या पाठीवर येतो. ह्याच्यापुढं मी काही समजवायची गरज नाही.

रॅचेट पट्टे, म्हणजे दांडा मागंपुढं करून आवळायचे पट्टे, घ्या, ट्रकवाले वापरतात ते, ऑटोमोबाइलच्या दुकानात मिळतात, आणि गाडीच्या फ्लोअरला ज्या लोखंडी कड्या दिलेल्या असतात त्यातच अडकवा, प्लॅस्टिकच्या हुकात नाही. इलॅस्टिकच्या दोऱ्या कपड्यांच्या बॅगांना ठीक, जड वस्तूला त्यांचा उपयोग नाही, ताणतात. सामान सीटच्या पाठीच्या वर जात असेल तर मागे जाळी बसवून घ्या. खणखणाट थांबवायला मधल्या फटीत जुन्या चादरी कोंबा, सोलापुरी चादर ह्या कामाला एक नंबर आहे, जाड, धुवायला सोपी आणि रात्री पांघरायला तीच. निघाल्यावर पहिल्या ४०-५० किलोमीटरला थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढा, सामान बसतं आणि पट्टे ढिले होतात. खराब रस्ता झाला की परत.

टायर आणि पाटे

टायरवर साइजच्या पुढं एक आकडा असतो, ९६, १०४, ११० असा, तो लोड इंडेक्स. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, ११० म्हणजे १०६०. मागच्या ॲक्सलचं काट्यावरचं वजन निम्मं करून ह्याच्याशी ताडून बघा. टायर बदलताना दुकानदार कमी इंडेक्सचा स्वस्त टायर दाखवतो, घेऊ नका.

हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. त्यावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि फुल लोडचा, मागच्या चाकांचा फुल लोडचा आकडा बराच जास्त असतो आणि तोच लोक विसरतात. हवा सकाळी थंड टायरला तपासायची. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, डांबर त्याहून तापतं, दुपारी तपासली तर आकडा फुगलेला दिसतो आणि लोक हवा सोडतात, मग रात्री टायर कमी हवेवर धावतो. तापमानाच्या दर पाच-सहा अंशाला साधारण १ पीएसआयचा (हवेचा दाब ह्यातच मोजतात) फरक पडतो हे ध्यानात ठेवा. जास्त वजन, कमी हवा आणि मे महिना, टायर फुटायला एवढं पुरतं.

आता पाट्यांबद्दल, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांबद्दल. गाडी मागून बसते म्हणून मेकॅनिककडं जाऊन पाटा वाढवायचा किंवा जाड स्प्रिंग टाकायची, हा सगळ्यात कॉमन सल्ला. कायमचं वजन वाढलेलं असेल आणि तरी मर्यादेत असाल तर चांगली स्प्रिंग जरूर टाका, शॉकअप पण त्याला जुळणारे. पण स्प्रिंग जाड झाली म्हणून पासिंग वाढत नाही. चासी तीच, ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच. गाडी फक्त सरळ दिसते आणि जास्त वजन लपून राहतं, म्हणून आधी काटा, मग मेकॅनिक.

भरलेली गाडी चालवताना

हेडलाइटचं एक छोटं चाक डॅशबोर्डवर असतं, ० ते ३ किंवा ५ आकडे असलेलं, बऱ्याच जणांनी कधी फिरवलेलंच नसतं. सामान भरलं की ते फिरवून लाइट खाली आणा. रात्री समोरच्याला त्रास होत नाही आणि तुम्हालाही रस्ता दिसतो.

भरलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं. आधी तुळजापूरच्या घाटात एकदा भरलेली गाडी घेऊन जा, लहान घाट आहे, सवय होते, उतरताना ब्रेक दाबून न धरता ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. मग मंगळवेढा-सांगोला-मिरज करत आंबा घाटाकडं जायला हरकत नाही.

आणि काळी माती. ज्यांची शेती आहे त्यांना माहीतच आहे, पावसानंतर आपली काळी माती कुणाला सोडत नाही, तिथं फोर बाय फोरपण खुशाल रुतते. उजनीच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो बघायला हिवाळ्यात लोक पाण्याच्या काठापर्यंत गाड्या नेतात, वरून जमीन भेगाळलेली वाळकी दिसते आणि खाली लोणी असतं. मी तिथं रुतलोय, आणि तेव्हाही मागचीच दोन चाकं ॲक्सलपर्यंत गेली होती, पुढची वर होती, कारण त्या दिवशी घाईत सामान परत दारापाशी कोंबलं होतं. अशा जागी आधी पायी चालून बघा, टाच दाबून. रुतलात तर पहिल्यांदा माणसं उतरवा, मग पाणी आणि जड पेट्या उतरवा, मागच्या आखावरचं शे-दीडशे किलो कमी झालं की निम्मं काम होतं, मग टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत सोडा, चाकांपुढची माती खणा, पाट्या घाला आणि हळू काढा. बाहेर आल्यावर कॉम्प्रेसरनं हवा पुन्हा भरल्याशिवाय हायवेला लागू नका.

परत आल्यावर सामान उतरवताना अंगणात तीन ढीग करा, रोज लागलं ते, एकदा लागलं ते, आणि हातच लावला नाही ते. औषधं, पट्टा, जॅक, पंक्चर किट हे तिसऱ्या ढिगात असले तरी गाडीतच राहतात. बाकीचा तिसरा ढीग घरात. हंपीनंतर माझ्या तिसऱ्या ढिगातून लोखंडी घडीचं टेबल, दुसरा स्टोव्ह, पाच किलोची हातोडी आणि कास्ट आयर्नचा तवा निघाला, सगळं मिळून ३८ किलो. नंतर लोखंडी कॅरिअर पण काढलं. आता पाच जण बसून, पाणी भरून, काट्यावर गाडी मर्यादेच्या ५५ किलो आत येते आणि टेप लावला तर पुढं एक सेंटिमीटर, मागे तीन.